वाचकांचे प्रश्न : अठरा जणांची टोळी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच निघाला : एका नेटवर्कवर रमलेले लोक दुसऱ्या, नव्या नेटवर्कवर जातात का, आणि गेलेच तर कसे. म्हणून ती एकत्र घेते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या मुलाचं पुढचं वर्ष त्याच्यावर अवलंबून आहे.

घणसोलीहून एक तरुण वाचक :

ताई, मी आणि माझे दोन मित्र, आम्ही तिघांनी मिळून नवी मुंबईकरांसाठी एक सोशल नेटवर्क बनवलं आहे. फोटो, पोस्ट, ग्रुप, गप्पा सगळं आहे. भाषा मराठी, जाहिराती नाहीत. गणपतीत मंडळांच्या मांडवांबाहेर टेबल टाकून बसलो. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत मिळून तीन महिन्यांत ४,२०० जणांनी नाव नोंदवलं. पण लोक एकदा येतात, चार ठिकाणी बोट लावून बघतात आणि परत व्हॉट्सॲपवर जातात. रोज उघडणारे दीडशेसुद्धा नाहीत. मी नोकरी सोडली आहे. आईचे पैसेही यात घातले आहेत. खरं सांगा, मोठ्या नेटवर्कवरचे लोक नव्याकडे येतात का? की आम्ही इथेच थांबावं?

उत्तर :

येतात. मी हे दोनदा अगदी जवळून पाहिलंय. दोन्ही वेळा लोक ज्या कारणानं हलले, ते कारण मी तुमच्या ॲपमध्ये शोधलं आणि मला सापडलं नाही. म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

माझे वडील माथाडी होते. गाव जावळी तालुक्यात, काम मशीद बंदरला, कांदा-बटाट्याच्या घाऊक बाजारात. राहायला डोंगरीत एका खोलीत अठरा जण, जेवायला खानावळ. आम्ही आईबरोबर गावी. १९८१ साली तो बाजार खाडी ओलांडून इकडे, वाशी-तुर्भ्याला आला. तेव्हा नवी मुंबई नावाला होती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना साठच्या दशकात मांडली, १९७० साली हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं, सेक्टर आखले गेले. सरकारी कचेऱ्या इकडे येतील अशी आशा होती. मंत्रालय जागचं हललं नाही आणि तिकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. इथे रस्ते होते, घरं होती, माणूस तुरळक होता. तुमच्या ॲपसारखंच, सगळी सोय आणि कुणी नाही.

मग बाजार आला, आणि तो कसा आला ते वडिलांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे हजर असल्यासारखं मला दिसतं. एकटा व्यापारी इकडे आला असता तर महिन्यात परत गेला असता. अडत्या आला, कारण नाशिकची गाडी इथे उतरणार होती. गाडी इथे उतरली, कारण अडत्या इथे बसला होता. किरकोळ विकणारा आला, कारण भाव इथे फुटत होता. मापाडी, माथाडी, चहावाला त्यांच्या मागून. वडिलांची अठरा जणांची टोळी मुकादमासकट एका दिवसात आली. वडिलांना कुणी विचारलं नव्हतं, तुला नवा बाजार आवडतो का. मुकादम म्हणाला उद्यापासून तिकडे, आणि वाराईचे, म्हणजे गाडी भरण्या-उतरवण्याचे पैसे तिकडे मिळणार होते, म्हणून ते गेले.

तुम्ही मांडवाबाहेर बसून एकेका माणसाला विचारलंत. ४,२०० माणसं आली आणि एकही टोळी आली नाही.

तुम्ही म्हणाल, तो बाजार सरकारी हुकमानं हलला, आमच्यामागे कुठलं सरकार आहे? खरं आहे. पण हुकूमसुद्धा अर्धंच काम करतो. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. जुना बाजार एका रात्रीत उठला. चिंगारी, मोज, जोश, एमएक्स टकाटक अशा छोट्या व्हिडिओंच्या कितीतरी देशी ॲप्सनी आपले गाळे उघडले. इन्स्टाग्रामनं जुलैमध्येच भारतात रील्स सुरू केलं, आणि आज आपल्या आसपास नाचणारी, स्वयंपाक करणारी, रिक्षात बसून गाणारी मंडळी बहुतेक तिथेच दिसतात. कारण त्यांच्या मैत्रिणी, मावशा, कॉलेजमधले मित्र त्या ॲपवर आधीपासून होते. जुनी जागा बंद पडली म्हणून लोक कोऱ्या जागी जात नाहीत. ओळखीचे लोक जिथे बसलेत तिथे जाऊन टेकतात.

दुसऱ्यांदा पाहिलं ते माझ्या सायबर कॅफेत. ठाणे-वाशी लोकल २००४ च्या शेवटी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मी कोपरखैरणेत आठ कॉम्प्युटर टाकून कॅफे उघडला. तासाला पंधरा रुपये. संध्याकाळी सहानंतर आठही पडद्यांवर ऑर्कुट, म्हणजे गुगलचं तेव्हाचं सोशल नेटवर्क असायचं. पोरं एकमेकांच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे निरोप टाकायची, शेजारी बसलेल्या मित्राकडून टेस्टिमोनियल, म्हणजे आपल्याबद्दलचे चार चांगले शब्द लिहून घ्यायची. मुली फोटो लावताना दहादा विचार करायच्या, कारण कुणीही येऊन बघू शकायचं. २००९ च्या सुमाराला एका पडद्यावर फेसबुकची निळी पट्टी दिसली. मुलगा इंजिनिअरिंगचा होता, चुलत भाऊ अमेरिकेत. मग त्याच्या वर्गातला दुसरा, मग त्यांच्या होस्टेलचं अख्खं टोळकं. कित्येक महिने पोरांनी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या. ऑर्कुट सोडल्याचं कुणी जाहीर केलं नाही. फक्त ती खिडकी आधी अर्धा तास उघडी राहायची, मग दहा मिनिटं, मग कधीतरी. २०१० च्या मध्याला भारतात फेसबुक ऑर्कुटच्या पुढे गेलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला गुगलनं ऑर्कुट बंद केलं.

फेसबुककडे काय होतं? फोटो ऑर्कुटवरही टाकता येत होते. पण इथे मित्रानं काय केलं हे त्याच्या पानावर न जाता समोर येत होतं. आपला फोटो कुणी पाहायचा हे ठरवता येत होतं, आणि मुलींच्या दृष्टीनं ते फार मोठं होतं. शिवाय फार्मव्हिल, फेसबुकवरचा शेतीचा खेळ. हसू नका. माझ्या कॅफेत रात्री नऊला शटर ओढायच्या वेळी दोन बायका धावत यायच्या, शेतातलं पीक कापायला. त्यांना शेजारी हवे असायचे, म्हणून त्यांनी नणंदेला आणलं, नणंदेनं तिच्या जावेला.

आणि फेसबुकनं सुरुवात कुठून केली ते बघा. फेब्रुवारी २००४ मध्ये एका हार्वर्डपासून. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल, मग इतर कॉलेजं, मग शाळा. सर्वांना दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. एका कॉलेजात पूर्ण भरायचं आणि मगच पुढच्या कॉलेजात जायचं, असं अडीच वर्षं चाललं.

याचा हिशेब साधा आहे आणि तुम्ही तो कागदावर करावा असं मला फार वाटतं. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं इथरनेट बनवणारे रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावानं तो ओळखला जातो : जाळ्याची किंमत माणसांच्या संख्येनं नाही, त्यांच्यातल्या जोड्यांनी वाढते. एका सोसायटीतले ३९ जण तुमच्याकडे आले तर त्यांच्यात ७४१ जोड्या बनतात. तेच ३९ जण तेरा सोसायट्यांतून तीन-तीन करून आले, तर एकमेकांना ओळखणाऱ्या जोड्या फक्त ३९. माणसं तितकीच, पण दुसऱ्या बाजूला जो आला त्याला दोन चेहरे दिसले आणि तो निघून गेला. ऐरोली ते पनवेल पसरलेले तुमचे ४,२०० या दुसऱ्या बाजूचे आहेत.

नुसता आकडा मोठ्या मोठ्यांना फसवतो. गुगलचं सोशल नेटवर्क गुगल प्लस जून २०११ मध्ये आलं. गुगलकडे पैसा होता, जीमेलची कोट्यवधी खाती होती, लोकांची नावं आपोआप नोंदली गेली. २०१८ मध्ये गुगलनंच सांगितलं की तिथल्या शंभरातल्या नव्वद भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात. एप्रिल २०१९ मध्ये ते सामान्य लोकांसाठी बंद झालं. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिचं थ्रेड्स हे नवं नेटवर्क जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत दहा कोटी लोक आले, कारण इन्स्टाग्रामचं खातं तसंच्या तसं चालत होतं. तिथे टोळी तयार होती. तरी पहिल्या आठवड्यांनंतर येणं-जाणं झपाट्यानं उतरलं, आणि मेटाला ते चिकाटीनं पुन्हा वाढवावं लागलं. तुमच्या-माझ्याकडे इन्स्टाग्राम नाही.

आपल्या गावात घर बदलणं आणि ॲप बदलणं यांत एक फरक मात्र आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध जातो. वडील इकडे आले की परत जाणं खर्चाचं होतं. ॲप घ्यायला काही पडत नाही, म्हणून लोक सहज येतात. परतायलाही काही पडत नाही, म्हणून ते सहज परततात. तुम्ही येण्यावर मेहनत घेतलीत. दुसऱ्या दिवशी उघडायला काय कारण आहे, यावर घेतली नाहीत.

मग कारण कुठे शोधायचं? व्हॉट्सॲपच्या ग्रुपात काय नीट होत नाही तिथे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठ दिवसांनी कुणीतरी विचारतं, चांगला प्लंबर आहे का. पाच जण नंबर देतात. दोन तासांत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुप्रभातची फुलं येऊन पडतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कुणीतरी तोच प्रश्न विचारतं. शाळेची व्हॅन, धुणंभांड्याच्या मावशी, इन्व्हर्टरची बॅटरी बदलणारा, पाणी बंद असल्याची वेळ, मीटिंगमध्ये पार्किंगबद्दल नक्की काय ठरलं होतं : हे सगळं ग्रुपवर येतं आणि वाहून जातं. ग्रुपला आठवण नाही. ती आठवण तुम्ही द्या, सोसायटीच्या एका वहीसारखी. गप्पा, फोटो, पोस्ट सगळं बंद करा, निदान वर्षभर. गप्पांचं काम व्हॉट्सॲप उत्तम करतं, तिथे तुम्ही झुंजू नका. आणि ती वही अशी असू दे की पहिलाच आलेला एकटा माणूससुद्धा तिचा उपयोग करू शकेल, शेजारी येवोत न येवोत.

त्यासाठी घणसोलीतला एक सेक्टर घ्या, त्यातल्या तीन सोसायट्या. तुमची स्वतःची एक. सेक्रेटरीकडे जा, दहा फ्लॅटची कामं सांगणाऱ्या मावशीकडे जा, वॉचमनकडे जा. ग्रुपवर ज्याचं ऐकतात तो माणूस शोधा. तो तुमचा मुकादम. ॲपमधलं उत्तर व्हॉट्सॲपवर लिंकनं पाठवता यायला हवं, म्हणजे जुन्या जागी बसलेल्यालाही ते दिसेल आणि तो हळूहळू पूल ओलांडेल. खाडीपुलावरून मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हाच आमच्या शहरात खरी वर्दळ सुरू झाली. कुणाची फोनबुक विचारल्याशिवाय उचलू नका, एवढी एक गोष्ट हात जोडून सांगते.

आता पैशाचं. कू हे ॲप २०२० मध्ये सुरू झालं. भारतीय भाषांत लिहायची खरी सोय त्यांनी केली, मंत्री आले, नट आले, गुंतवणूकदार आले. संस्थापकांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे ऐन भरात रोज २१ लाख लोक येत होते. तरी जुलै २०२४ मध्ये त्यांना कुलूप लावावं लागलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, माझी दोन वर्षांची टिपणं तिथे होती. २१ लाख माणसं रोज येऊन ज्यांचं भागलं नाही, त्यांच्याकडून हे शिकायचं की खर्च कोण भरणार हा प्रश्न शेवटी ठेवायचा नसतो. तुमच्या जागी मी असते तर आईचे पैसे आजच्या आज वेगळे काढले असते, राहिले असतील तेवढे. नोकरी परत धरली असती. तीन सोसायट्यांचं काम रात्री आणि रविवारी होतं. सहा महिन्यांत त्या तीन सोसायट्यांतल्या निम्म्या घरांनी आठवड्यातून एकदा ॲप उघडलं तर चौथीकडे जा. नाही उघडलं तर बंद करा. त्यात कमीपणा नाही, आणि आईला तोंड दाखवायला तुम्ही मोकळे असाल.

ठाण्याहून, नौपाड्यातले एक निवृत्त शिक्षक :

तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा ३४ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. स्वदेशीचा आग्रह म्हणून मी सर्वांना अरट्टैवर चला म्हटलं. नऊ जण आले. आता दोन ग्रुप झालेत, काही जण माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. मी आग्रह धरावा की सोडावा?

उत्तर :

काका, आधी माणसं सांभाळा. दोन ग्रुप झाल्यामुळे कुणाच्या आजारपणाची बातमी कुणाला कळली नाही असं व्हायला नको, आणि तुमच्या वयाच्या गटात ती भीती खरी आहे.

अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पा. झोहो या भारतीय कंपनीनं व्हॉट्सॲपसारखं हे ॲप जानेवारी २०२१ मध्ये आणलं. चार-साडेचार वर्षं ते शांतपणे चाललं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एकदम उसळलं : झोहोचे श्रीधर वेंबू यांनी सांगितलं की दिवसाला ३,००० नवी नावं यायची, ती तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली. त्या लाटेच्या वेळी कॉल दोन टोकांत कुलूपबंद होते, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कुणालाही, कंपनीलाही, ते ऐकता येत नव्हते; लिहिलेला मजकूर मात्र तसा नव्हता, हे जाणकारांनी दाखवून दिलं आणि कंपनीनं मान्य केलं. तुमच्या गटातल्या कुणी ते कारण दिलं असेल तर तो देशद्रोही नाही, सावध आहे.

अशी लाट आपण आधीही पाहिलीय. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं खासगी माहितीबद्दलचं नवं धोरण आणलं, लोक चिडले, सिग्नल या दुसऱ्या संदेश-ॲपवर इतकी गर्दी झाली की ते काही काळ बंद पडलं. व्हॉट्सॲपनं मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेवर नेली. त्याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड केला. राग खरा होता, कारणही खरं होतं. तरी तुमच्या-माझ्या फोनमध्ये सिग्नल कुठल्या पानावर आहे ते शोधावं लागतं, कारण दूधवाला, डॉक्टर, सूनबाई सगळे जुन्या जागी राहिले.

तुम्हाला मनापासून हवंच असेल तर वाट अशी आहे. जुना ग्रुप मोडू नका. नव्यावर एकच गोष्ट ठेवा, जी सगळ्यांना हवीशी आहे. सहलीचे फोटो म्हणा, किंवा मासुंदा तलावाच्या काठावर तुम्ही रोज टिपता ते पक्षी म्हणा. आणि फोनवरून आग्रह न करता एका रविवारी कोपिनेश्वराच्या दर्शनानंतर कट्ट्यावर बसून सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी ॲप चढवा, ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांच्या फोनवरही. शिक्षक म्हणून तुम्हाला ठाऊकच आहे, वर्गातली पोरं एकेकटी ओढून सहलीला नेता येत नाहीत. जे येणार नाहीत त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोला. पहिलं पाऊल तुम्ही टाका.

ऐरोलीहून एक गृहउद्योजिका :

मी दिवाळीचा फराळ आणि उन्हाळ्यात कुरडया-सांडगे विकते. एका मोठ्या नेटवर्कवर माझं पान होतं, सहा हजार लोक जोडलेले. ऐन दिवाळीच्या तोंडावर ते १९ दिवस बंद पडलं, कुणाला विचारावं तेही कळेना. आता एक नवं नेटवर्क म्हणतंय आमच्याकडे या, आम्ही पहिल्यांदा येणाऱ्यांना वर दाखवू. जाऊ का?

उत्तर :

ताई, चकलीचं पीठ भिजवून बसलेल्या बाईचं पान बंद पडणं म्हणजे काय, ते मला कळतं. पण नव्या घरमालकाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. वर दाखवायचं की नाही हे आज ते ठरवणार आहेत, उद्याही तेच ठरवतील.

आपल्या मोबाइल नंबरचं उदाहरण घ्या. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी कितीजण केवळ नंबर जाईल म्हणून वाईट सेवा सोसत होते. मोठ्या सोशल नेटवर्कवर तशी सोय नाही. तुमचे सहा हजार लोक तुमच्याबरोबर निघत नाहीत, ते तिथेच राहतात. मॅस्टोडॉन नावाचं एक नेटवर्क आहे, वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेलं, तिथे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना जोडलेली माणसं सोबत नेता येतात. युरोपनं डिजिटल मार्केट्स कायदा करून मोठ्या संदेश-ॲप्सना दुसऱ्यांसाठी दार उघडायला लावलंय. आपल्याकडे असा कायदा येईतो तुमचा खरा आधार म्हणजे वही. ज्यांनी गेल्या तीन दिवाळ्यांत पैसे देऊन माल नेला, त्यांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून, वहीत उतरवा. माझा अंदाज, सहा हजारांतून तीनेकशे निघतील. ते तीनशे तुमचे.

नव्या ठिकाणी खातं उघडून ठेवा, नावाचं पान दुसऱ्या कुणी घेऊ नये एवढ्यापुरतं. आठवड्यातून एक तास, त्याच्यावर नाही.

कळव्याहून एक विद्यार्थिनी :

आमच्या वर्गात फेसबुक कुणीच उघडत नाही. म्हणजे फेसबुक हरलं का? आणि जुन्या जागेवरून लोक पूर्ण निघून जायला किती वेळ लागतो?

उत्तर :

तुमचा वर्ग गेला कुठे, ते बघ. इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर. फेसबुकनं इन्स्टाग्राम २०१२ मध्ये घेतलं, तेव्हा किंमत शंभर कोटी डॉलर सांगितली गेली आणि लोकांना ती वेडेपणाची वाटली. व्हॉट्सॲपचा सौदा २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला जाहीर झाला. स्नॅपचॅटवर चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरी तरुण पोरांना आवडू लागल्या, तेव्हा २०१६ मध्ये तशाच स्टोरी इन्स्टाग्रामवर आल्या. म्हणजे पोरं नव्या बाजारात गेली आणि गाळ्याचा मालक तोच राहिला. मला हे बरं वाटत नाही. तुमच्या पिढीनं एखादी जागा स्वतः वसवावी आणि ती विकली जाऊ नये, असं मनापासून वाटतं. घणसोलीच्या मुलाला इतकं लांबलचक उत्तर लिहिलं त्याचं कारण तेच.

किती वेळ लागतो याला एक उत्तर नाही. मायस्पेस हे एके काळचं मोठं नेटवर्क २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला विकलं गेलं आणि २०११ मध्ये साडेतीन कोटींच्या आसपास. सहा वर्षांत इतकं घसरलं. ऑर्कुट मागे पडल्यावर चार वर्षं उघडं होतं आणि माझ्या कॅफेत एक मुलगा शेवटपर्यंत तिथे जायचा, कारण त्याच्या आजारी मित्रानं लिहिलेलं टेस्टिमोनियल तिथेच होतं. मी त्याला ते छापून दिलं होतं, तरी जायचा.

आमच्या घरचं सांगते. बाजार १९८१ ला इकडे आला. कोपरखैरणेत माथाडींसाठी बांधलेल्या घरांत आम्हाला खोली मिळाली ती १९८७ ला, तेव्हा आई आणि आम्ही गावाहून आलो. वडिलांनी डोंगरीच्या खोलीतली आपली जागा तरीही सोडली नाही. दर महिन्याला भाड्याचा वाटा देत राहिले, दर रविवारी जाऊन बसत राहिले. त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड त्यांनी १९९४ साली बदललं, टोळीतला शेवटचा माणूस तिथून निघाला त्या वर्षी.